पदवी नको, एकच विषय शिकायचा आहे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पदवीला प्रवेश न घेता विद्यापीठातील एखादा विषय रीतसर, म्हणजे वर्गात बसून, परीक्षा देऊन आणि श्रेयांक (क्रेडिट) मिळवून शिकता यावा, या मागणीसाठी हे पत्र लिहीत आहे. नव्या शैक्षणिक धोरणाच्या चर्चेत मेजर, मायनर, चौथे वर्ष यांवर भरपूर लिहिले गेले; पण ज्याचे पदवीचे वय केव्हाच सरले आहे आणि ज्याला पुन्हा पदवी नकोच आहे, अशा माणसाला विद्यापीठाचे दार उघडणार की नाही, हा प्रश्न त्या चर्चेत फारसा कोणी विचारलेला दिसला नाही.

मी १९९८ साली रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालो आणि गेली अनेक वर्षे माती, पाणी आणि द्राक्षाच्या देठांचे परीक्षण करणाऱ्या एका लहान खासगी प्रयोगशाळेत काम करतो. शेतकरी एकरभर बागेतून काही देठ आणून देतो, आम्ही त्यातील नत्र, स्फुरद, पालाश मोजतो आणि त्या आकड्यांवर त्याचा हंगामभराचा खताचा खर्च ठरतो. त्याच बागेच्या दुसऱ्या कोपऱ्यातले देठ आणले असते तर आकडा किती बदलला असता, दोन अहवालांतील फरक खरा आहे की नमुना घेण्यातला, किती नमुने घेतले म्हणजे पुरेसे, हे प्रश्न रोज समोर येतात आणि त्यांची उत्तरे रसायनशास्त्रात नसून संख्याशास्त्रात आहेत. आमच्या वेळी रसायनशास्त्राबरोबर मी वनस्पतिशास्त्र घेतले होते, संख्याशास्त्र नाही. म्हणून बी.एस्सी.च्या अभ्यासक्रमातील उपयोजित संख्याशास्त्राचा एक चार श्रेयांकांचा विषय एका सत्रासाठी शिकावा, असे मी गेल्या वर्षी ठरवले.

राज्यातील ज्या विद्यापीठाकडे मी चौकशी केली त्याचे नाव येथे देत नाही, कारण दोष त्या एका कार्यालयाचा नाही. ऑनलाइन अर्जात पहिलाच रकाना ‘अभ्यासक्रम’ असा होता आणि त्यात पदवी, पदव्युत्तर पदवी, पदविका व प्रमाणपत्र एवढेच पर्याय होते. त्यांपैकी एक निवडल्याशिवाय पुढचे पान उघडत नव्हते. मग रजा काढून प्रत्यक्ष कार्यालयात गेलो. खिडकीपलीकडचा मुलगा सौजन्याने बोलला. “काका, तुम्ही कोणत्या वर्गाला आहात?” असे त्याने विचारले, आणि कोणत्याच नाही, एकच पेपर शिकायचा आहे, असे सांगितल्यावर तो म्हणाला, “मग तुम्ही पहिल्या वर्षाला ॲडमिशन घ्या ना.” त्यासाठी मूळ टीसी, मायग्रेशन सर्टिफिकेट आणि शिक्षणात खंड का पडला याचे प्रतिज्ञापत्र लागेल, अशी माहितीही त्याने दिली. पंचवीसहून अधिक वर्षे नोकरी करणे आणि संसार चालवणे याला ‘खंड’ म्हणतात, हे मला त्या दिवशी समजले. प्रतिज्ञापत्रही करून झाले, पण पात्रता विभागात अर्ज अडला तो अडलाच, कारण पदवीधराला पुन्हा पहिल्या वर्षाला बसवून त्यातील एकच विषय देण्याची तरतूद कोणत्याच नियमात सापडेना.

गंमत अशी की, कागदावर पाहिले तर हा अडथळा उरायलाच नको होता. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० साली आले, त्यापाठोपाठ २०२१ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचे विनियम काढले आणि २०२३ मध्ये राष्ट्रीय क्रेडिट आराखडा जाहीर झाला. या सगळ्याचा पाया असा की, शिक्षणाचे माप वर्ष किंवा पदवी हे नसून श्रेयांक हे आहे. पंधरा तासांचे अध्यापन म्हणजे एक श्रेयांक, त्यामुळे मला हवा असलेला विषय साठ तासांचा. मिळालेले श्रेयांक विद्यार्थ्याच्या नावावर जमा राहतात, जास्तीत जास्त सात वर्षे वापरता येतात आणि एका संस्थेतील श्रेयांक दुसरीकडे नेता येतात. म्हणजे शिक्षणाची सुटी नाणी पाडून झाली. मात्र ती नाणी मिळवण्यासाठी आत शिरायचे दार अजून अख्ख्या पदवीचेच आहे. प्रवेश अभ्यासक्रमाला मिळतो, विषयाला मिळत नाही. पीआरएन, म्हणजे विद्यार्थ्याचा कायम नोंदणी क्रमांक, अभ्यासक्रमावर निघतो. आणि पीआरएन नसेल तर हजेरीपटावर नाव नाही, परीक्षा अर्ज नाही आणि गुणपत्रिकाही नाही. श्रेयांकांच्या या बँकेत विद्यार्थ्याला स्वतः काहीही भरता येत नाही, कारण विनियमांनुसार श्रेयांक देणाऱ्या नोंदणीकृत संस्थेने पाठवलेली नोंदच तेथे ग्राह्य धरली जाते. हा नियम योग्यच आहे, नाहीतर खोट्या प्रमाणपत्रांचा बाजार भरला असता. पण ज्याला कोणतीच संस्था आपला म्हणत नाही, त्याच्यासाठी या बँकेचा गल्ला बंदच राहतो.

‘स्वयम्’ असताना वर्गाचा हट्ट कशाला, असे कोणी विचारेल. २०१७ मध्ये सुरू झालेले हे केंद्र सरकारचे ऑनलाइन अभ्यासक्रमांचे व्यासपीठ खरोखर चांगले आहे, तेथे कोणीही विनामूल्य नोंदणी करू शकतो आणि शुल्क भरून केंद्रावर जाऊन परीक्षाही देऊ शकतो. मी स्वतः तेथील व्याख्याने ऐकली आहेत. एका सत्रातील चाळीस टक्क्यांपर्यंत विषय ‘स्वयम्’वरून करण्याची मुभा २०२१च्या विनियमांनी दिली आहे, पण ती आधीच कोठेतरी प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्याला, त्याच्या संस्थेने ते विषय मान्य केले तर. शिवाय संख्याशास्त्राच्या तासाला फळ्यावर एखादे उदाहरण अडले की मागच्या बाकावरून “सर, हे पुन्हा सांगा” म्हणण्याची जी सोय असते, ती चित्रफितीत नसते. निम्म्यावर अभ्यास सोडून देणाऱ्यांत मीही एक आहे, आणि हजेरी, चाचणी, सत्रान्त परीक्षा यांचा धाक मला हवा आहे तो त्यासाठीच. नुसते वर्गात येऊन ऐकण्याची परवानगी एखादे प्राध्यापक वैयक्तिक स्नेहापोटी देतातही. मला तशी मेहेरबानी नको, शुल्क भरून मिळणारा हक्क हवा आहे.

परदेशात हा मार्ग किती सरळ आहे, ते माझ्या मावसबहिणीमुळे कळले. लग्नानंतर ती एच-४ व्हिसावर, म्हणजे तेथे नोकरी करणाऱ्याच्या जोडीदाराला मिळणाऱ्या व्हिसावर, अमेरिकेत न्यू जर्सीला गेली. त्या व्हिसावर शिकण्याची मुभा असते. तिला सीपीए, म्हणजे तिथली सनदी लेखापाल, व्हायचे होते आणि त्यासाठी १५० क्रेडिटांची अट होती. आपल्याकडच्या तीन वर्षांच्या बी.कॉम.चे मूल्यमापन करून घेतले तेव्हा ती बरीच कमी भरली. दुसरी पदवी घेण्याऐवजी तिने जवळच्या कम्युनिटी कॉलेजात पदवीबाह्य विद्यार्थिनी म्हणून अर्ज केला. अर्ज छोटा होता. जुन्या गुणपत्रिकांचे मूल्यमापन जोडायचे होते आणि वरच्या पातळीचा लेखापरीक्षणाचा विषय घेण्याआधी लेखाकर्माचा पायाभूत विषय झाला आहे, हे दाखवायचे होते. शुल्क दर क्रेडिटमागे, आणि त्याच काउंटीतल्या (जिल्ह्यातल्या) रहिवाशांना कमी दराने. तेथे सगळेच गोड आहे असे नाही: पदवीबाह्य विद्यार्थ्याला सरकारी अर्थसाहाय्य मिळत नाही, जागा उरल्या तरच विषय मिळतो, आणि पुढे पदवीला प्रवेश घेतल्यास आधीचे किती श्रेयांक धरायचे यावर बहुतेक विद्यापीठे मर्यादा घालतात. पण हे सारे आधीच लिहून ठेवलेले असते.

अमेरिकेचे उदाहरण दिले की ‘तिथली गोष्ट वेगळी’ असे म्हणून विषय संपवण्याची आपल्याकडे सवय आहे, म्हणून दिल्लीचे उदाहरण देतो. दिल्ली विद्यापीठाने २०२२ मध्ये, आपल्या शताब्दी वर्षात, ‘काँपिटन्स एनहान्समेंट स्कीम’ नावाची योजना मंजूर केली. तिच्यानुसार बाहेरची व्यक्ती, वय कितीही असले तरी, त्या विषयासाठी लागणारी पूर्वपात्रता असल्यास नियमित वर्गातील विषय श्रेयांकांसाठी शिकू शकते. एका सत्रात जास्तीत जास्त दोन विषय किंवा आठ श्रेयांक, आणि दर विषयाला वर्गक्षमतेच्या दहा टक्के किंवा सहा, यांपैकी कमी असतील तितक्या अधिसंख्य, म्हणजे नेहमीच्या जागांखेरीज जादा, जागा, अशी तिची मांडणी आहे. अधिसंख्य हा शब्द महत्त्वाचा आहे, कारण त्यामुळे नियमित विद्यार्थ्याची किंवा आरक्षणाची एकही जागा कमी होत नाही.

महाराष्ट्रात हे करणे आता अधिक सोपे आहे, असे मला वाटते. २०२४-२५ पासून संलग्न महाविद्यालयांतही नवी श्रेयांक रचना लागू झाली आणि खुल्या ऐच्छिक विषयांच्या निमित्ताने कला शाखेचा विद्यार्थी विज्ञानाच्या, विज्ञानाचा वाणिज्याच्या वर्गात बसू लागला. म्हणजे वेळापत्रक, हजेरी आणि मूल्यमापन विषयवार चालवण्याची कसरत महाविद्यालये आधीच करत आहेत. त्या वर्गात आणखी दोन-तीन प्रौढ माणसे बसली तर प्राध्यापकांचे अध्यापनाचे तास वाढत नाहीत. तपासायच्या उत्तरपत्रिका तेवढ्या वाढतात, आणि त्यासाठी श्रेयांकामागे शुल्क घ्यावे. प्रयोगशाळेचे विषय सुरुवातीला वगळले तरी चालेल, तेथे टेबले मोजकीच असतात. या विद्यार्थ्यांना रेल्वेचा सवलतीचा पास नको, वसतिगृह नको, शिष्यवृत्ती नको आणि विद्यार्थी परिषदेत मतही नको.

एक आक्षेप मात्र गंभीर आहे. सुटे विषय घेत घेत लोक मागच्या दाराने पदवी मिळवतील, प्रवेश परीक्षा आणि गुणवत्ता यादी टाळतील, अशी भीती एका निवृत्त प्राचार्यांनी माझ्याजवळ बोलून दाखवली. तिला उत्तर नियमांतच आहे: पदवी देणाऱ्या संस्थेतच किमान निम्मे श्रेयांक मिळवावे लागतात, आणि पदवीबाह्य श्रेयांक पदवीच्या प्रवेशाचा हक्क देत नाहीत, असे एक वाक्य अर्जावर छापले की पुरे. पूर्वपात्रतेच्या बाबतीत मात्र ढिलाई नको. मला संख्याशास्त्र हवे असेल तर बारावीचे गणित झाले आहे का, हे पाहिलेच पाहिजे आणि नसेल तर नकार दिला पाहिजे. त्यासाठी विभागप्रमुखांची सही पुरेशी आहे, टीसी आणि खंडाचे प्रतिज्ञापत्र यांचा त्याच्याशी काय संबंध?

ज्या राज्यात १९८९ साली नाशिकला मुक्त विद्यापीठ उभे राहिले आणि बारावी न झालेल्यांसाठीही पूर्वतयारीच्या शिक्षणक्रमातून पदवीची वाट काढली गेली, ज्या राज्यात बहिःस्थ विद्यार्थी म्हणून नोकरी सांभाळत बी.ए., बी.कॉम. झालेल्यांच्या पिढ्या आहेत, तेथे ही मागणी चमत्कारिक वाटू नये. फरक एवढाच की, त्या लोकांना पदवी हवी होती आणि ती वर्गाबाहेर राहून मिळत होती. मला वर्ग हवा आहे आणि पदवी आधीच मिळालेली आहे.

विद्यापीठांच्या विद्या परिषदांनी पुढील शैक्षणिक वर्षाच्या प्रवेशसूचना निघण्याआधी या विषयाचा विचार करावा आणि ऑनलाइन अर्जाच्या त्या पहिल्या रकान्यात ‘पदवीबाह्य – एकल विषय’ असा आणखी एक पर्याय घालावा, अशी विनंती आहे. राज्यातील एखाद्या विद्यापीठात किंवा स्वायत्त महाविद्यालयात अशी सोय आधीपासूनच असेल, तर तेथील कुलसचिवांनी वा प्राचार्यांनी अर्जाची पद्धत, शुल्क आणि मुदत आपल्या याच स्तंभातून कळवावी. दोन तासांच्या एसटी प्रवासाच्या अंतरावर असली तरी मी येईन.

आपला,
एक नियमित वाचक