नाविकांचं बंड डाळीपुरतं नव्हतं

सोलापूर,
१८ फेब्रुवारी

प्रिय अविनाश,
सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू म्हणालास, "नाविकांचं बंड म्हणजे जेवणावरची कुरबूर." ते मनातून जाईना, म्हणून बैजवार लिहितोय.

सुरुवात जेवणावरूनच झाली. १९४६ साली आजच्याच तारखेला मुंबईत, इंग्रजांच्या हिंदी नौदलाच्या कुलाब्यातल्या 'तलवार' तळावर पोरांनी नासकी डाळ नाकारली आणि काम बंद केलं. पण त्याआधीच तळाच्या भिंतींवर 'चले जाव' रंगवल्याबद्दल बी. सी. दत्त हा नाविक अटकेत होता. तळाचा प्रमुख कमांडर किंग आईबापावरून शिव्या देई. आझाद हिंद सेनेचे कैदी सोडा, इंडोनेशियातून हिंदी फौज परत आणा, या मागण्या नुसत्या भुकेच्या का रे?

बघता बघता ७८ जहाजं आणि सुमारे २० हजार नाविक सामील झाले. काँग्रेस आणि मुस्लिम लीगचे झेंडे आणि कम्युनिस्टांचा लाल बावटा एकत्र फडकले. संप समितीचा अध्यक्ष एम. एस. खान, उपाध्यक्ष मदनसिंग. फाळणीच्या तोंडावर, १९४६ साली, बरं का!

मला सगळ्यात भिडतं ते गेटवेवरचं. २१ तारखेला नाविकांच्या कॅसल बरॅक्समध्ये गोळीबार झाला, नाविकांचं अन्नपाणी तोडलं. तर मुंबईकर दूध, फळं, पाव घेऊन धक्क्यावर हजर! हॉटेलवाले लोकांना म्हणत होते, न्या हवं तेवढं. नाविक होड्यांतून येऊन ते घेऊन जात आणि पहाऱ्यावरचे हिंदी शिपाई अडवत नव्हते. सरकारचा पाया तिथेच हलला, असं माझं ठाम मत आहे.

२२ तारखेला गिरणी कामगार रस्त्यावर आले. दोनशेहून जास्त माणसं गोळ्यांना बळी पडली. परळला कम्युनिस्ट कार्यकर्त्या कमल दोंदे गेल्या. सूडाची कारवाई होऊ नये म्हणून काँग्रेस प्रयत्न करील, या सरदार पटेलांच्या भरवशावर २३ तारखेला नाविक शरण गेले. पुढे शेकडो बडतर्फ झाले. स्वातंत्र्यानंतरही त्यांना ना भारताच्या नौदलाने परत घेतलं, ना पाकिस्तानच्या. याचा मला आजही संताप येतो.

आपल्या गावाने १९३० चा मार्शल लॉ, म्हणजे लष्करी अंमल, सोसलाय. त्याच लढ्यातले धनशेट्टी, सारडा, शिंदे, कुर्बान हुसेन १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फासावर गेले. त्यांच्या पुतळ्यांवरून जाताना सोलापूरकराचा हात आपसूक जोडला जातो. त्या नाविकांची नावं मात्र तुझ्या मुंबईत कोणाला विचारावीत?

पोरीच्या इतिहासाच्या पुस्तकात या बंडाला किती ओळी आहेत, तेवढं बघून कळव. शेंगा चटणी धाडतोय. वहिनींना नमस्कार.

तुझा,
श्रीकांत