नाटकाचे कपडे शिवायला शिकवणार कोण?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

राज्य नाट्य स्पर्धेच्या दिवसांत नाटकांची परीक्षणे मी आवर्जून वाचते. अभिनय, दिग्दर्शन, नेपथ्य, प्रकाशयोजना यांवर परीक्षक चार वाक्ये तरी लिहितात. वेशभूषा मात्र ‘साजेशी’ नाहीतर ‘अनुरूप’ या एका शब्दात आटोपते. परीक्षकांना तरी काय बोल लावायचा? बऱ्याच हौशी संस्थांत वेशभूषा गोळा केली जाते. काही कपडे घरचे, काही शेजारून मागून आणलेले, उरलेले प्रयोगाच्या आदल्या दिवशी ड्रेपरीवाल्याकडून भाड्याने. ड्रेपरीवाले शाळांची स्नेहसंमेलने वर्षानुवर्षे निभावून नेतात, त्यांच्याविषयी माझ्या मनात आदरच आहे. पण जो कपडा कोणाच्याही अंगात बसेल असा शिवलेला असतो, तो एका विशिष्ट पात्राचा कसा होणार?

मी पंचवटीत शिवणक्लास चालवते आणि हौशी नाटकांचे कपडेही शिवते. त्या अनुभवावरून सांगते, रंगमंचासाठी कपडे करणे ही वेगळी विद्या आहे, ती शिकवावी लागते आणि नाशिकमध्ये ती शिकवण्याची नीट सोय व्हायला हवी.

क्लासमध्ये तयार झालेली मुलगी ब्लाउज आणि पंजाबी ड्रेस बिनचूक शिवते. तिला अंगरखा दिला की तोही ती त्याच हिशेबाने बेतते. मग तालमीत नटाने तलवार उपसून हात वर नेला की अख्खा अंगरखा वर चढतो, कमरेचा शेला सुटतो आणि नटाचे निम्मे लक्ष कपड्यात अडकते. जुन्या अंगरख्यांच्या काखेत चौकोनी तुकडा जोडलेला असे. तो जोडला आणि मुंढा, म्हणजे बाही जोडायचा घेर, आखूड ठेवला की हात मोकळा वर जातो, अंगातला कपडा जागचा हलत नाही. मापे घेतानाही नटाला नुसते ताठ उभे करून भागत नाही. त्याला बसवायचे, वाकवायचे, हात उंच करायला लावायचे आणि मग टेप धरायची.

रंगांचेही तसेच. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली लालभडक दिसणारी साडी रंगमंचावरच्या निळ्या प्रकाशात काळपट होते. काळ्या विंगांपुढे काळा कोट घातला तर नटाचा चेहरा आणि हात तेवढे दिसतात. म्हणून कापड घेण्याआधी प्रकाशयोजना करणाऱ्याशी बोलायचे आणि वारभर कापड आणून दिव्याखाली धरून पाहायचे.

कपडे जुने करणे हा तर मला सगळ्यात आवडणारा भाग. पहिल्या अंकात ऐटीत वावरणारा गृहस्थ तिसऱ्या अंकात रस्त्यावर आला असेल, तर एका कोटावर भागत नाही. एकाच ताग्यातून दोन कोट बेतायचे. त्यातला एक पुन्हा पुन्हा धुऊन मऊ करायचा. कॉलर, कोपर आणि बाह्यांच्या कडा पॉलिश पेपरने घासायच्या, कारण कपडा विरतो तो तिथेच. कोट ओला असताना खिशांत दगड भरून टांगून ठेवला की खिसे लोंबतात आणि खांदे उतरतात. पांढऱ्या सदऱ्याला चहाचे पाणी दिले की त्याचा कोरेपणा जातो. असा कोट अंगावर चढवल्यावर नटाची चाल बदलते, हे मी तालमीत पुन्हा पुन्हा पाहिले आहे.

आणि विंगेतले बदल! एका प्रवेशातून बाहेर पडलेली नटी अर्ध्या मिनिटात नव्या साडीत परत यायची असते. शिवलेली नऊवारी, वर नुसते दिसायला हुक आणि आत प्रेस बटनाची पट्टी, कपडे ज्या क्रमाने चढवायचे त्या क्रमाने खुर्चीवर मांडलेले, मदतीला दोघी आणि एक बारीक टॉर्च. वेल्क्रो सोपा वाटतो खरा, पण ऐन शांत प्रसंगात त्याचा चर्र आवाज प्रेक्षकांपर्यंत पोहोचतो. असा बदल अंधारात करून पाहिल्याशिवाय प्रयोगाला उभे राहू नये. यासाठी संहिता हातात घेऊन तक्ता करायला शिकवावे लागते: अंक, प्रवेश, पात्र, अंगावर काय, मधे वेळ किती. आमच्या शिवणाच्या अभ्यासक्रमांत कापड बेतणे आहे, नाटक वाचणे नाही. नाट्यशिबिरांत नाटक वाचणे आहे, पण सुईदोरा कोणी हातात घेत नाही.

कुसुमाग्रज इथलेच. प्रा. वसंत कानेटकरांनीही याच शहरात राहून नाटके लिहिली. त्यांचे ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ १९६२ मध्ये रंगभूमीवर आले, आणि ऐतिहासिक नाटकांची हौस इथे अजूनही टिकून आहे. जिल्ह्यात कापडालाही तोटा नाही. मालेगावला यंत्रमाग आहेत, येवल्याला पैठणीचे हातमाग. महागाचे कापड कापण्याआधी मांजरपाटाचा कच्चा नमुना शिवून नटाच्या अंगावर घालून पाहावा, ही सवय लावायला खर्च तो कितीसा? खरी पैठणी रंगमंचावर नेण्याचीही गरज नाही, शेवटच्या रांगेतून पदरावरचे मोर कोणाला दिसतात? पण रेशमाचा जड पदर खांद्यावरून कसा उतरतो हे मुलींनी येवल्यात एकदा डोळ्यांनी पाहिले, तर स्वस्त कापडाला आतून अस्तर आणि काठाखाली जाड पट्टी लावून तो भार कसा आणायचा हे त्यांना समजेल.

यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचे मुख्यालय नाशिकमध्येच आहे. त्यांनी रंगमंचीय वेशभूषेचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम आखावा. शिवण येणाऱ्या पण पुढे न शिकलेल्या कितीतरी बायका शहरात आहेत, त्यांना प्रवेशाची अट सैल असावी. शिकवणाऱ्यांत अनुभवी शिंपी असावेत, त्यांची पदवी पाहू नये. परीक्षा कागदावर न घेता एका खऱ्या एकांकिकेचे कपडे करून घ्यावी.

महापालिकेने महाकवी कालिदास कलामंदिरात किंवा जवळपास एक हवेशीर खोली द्यावी. तिथे शहरातल्या संस्थांचा सामाईक कपडेपट उभा राहील. आज प्रयोग संपला की कपडे पोत्यात जातात, पावसाळ्यात त्यांना बुरशी येते आणि पुढच्या वर्षी पुन्हा भाड्याचा खर्च. शिवतानाच आत भरपूर माया, म्हणजे शिलाईपलीकडचे जादा कापड, सोडली, तर तोच अंगरखा उसवून दुसऱ्या नटाला बसतो. प्रत्येक कपड्यावर माप आणि धुण्याची पद्धत लिहिलेली चिठ्ठी हवी, आणि वही सांभाळणारे एक पगारी माणूस हवे. नाट्य परिषदेच्या नाशिक शाखेने हा विषय हाती घेतला, तर संस्था आपापले कपडे नक्की आणून देतील.

आणि नाट्यसंस्थांनाही एक विनंती. वेशभूषा करणाऱ्या व्यक्तीला पहिल्या वाचनाला बोलवा आणि तिचे मानधन अंदाजपत्रकात आधी लिहा.

विद्यापीठ असो वा परिषद, कोणीही वर्ग सुरू केला तर बेतणे आणि कपडे जुने करणे हे दोन्ही शिकवायला मी तयार आहे.

आपली,
एक शिवणशिक्षिका,
पंचवटी, नाशिक