पुडीत काय आहे ते लिहून द्या

महोदय,

माझ्या आईच्या हृदयाची झडप बदललेली आहे. ती रोज वॉर्फरिन हे रक्त पातळ ठेवणारं औषध घेते, त्यामुळे आयएनआर म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते पाहणारी तपासणी चुकवून चालत नाही. गुडघेदुखीसाठी तिला वनौषधी देणारा निसर्गोपचारक हवा होता. पाट्या गावभर दिसल्या, पण कुणाचं शिक्षण काय, हे एकाही पाटीवर नव्हतं. एकाने पुडी बांधून दिली. घटक विचारले तर म्हणाला, "पिढीजात आहे, निर्धास्त घ्या." लसूण किंवा हळदीच्या अर्काने वॉर्फरिनचा परिणाम वाढून रक्तस्राव होऊ शकतो. निर्धास्त कसं घ्यायचं? ती पुडी आम्ही आईला दिली नाही.

मूळ निसर्गोपचारात औषध नसतंच. माती, पाणी, आहार, उपवास एवढ्यावर तो चालतो. गांधीजींनी १९४६ साली उरुळी कांचनला सुरू केलेलं केंद्र याच वाटेचं. निसर्गोपचाराची बीएनवायएस ही साडेपाच वर्षांची पदवी आहे, पण भारतीय चिकित्सा पद्धतींसाठीच्या २०२० च्या आयोग कायद्यात ही शाखा नाही. आयुर्वेदाच्या बीएएमएस वैद्यांची मात्र राज्याच्या परिषदेत नोंदणी असते. शेवटी आम्ही अशाच एका वैद्यांकडे गेलो. त्यांनी आधी आईच्या सगळ्या गोळ्या पाहिल्या आणि पोटात काहीही न देता फक्त शेक आणि बाहेरून लावायचं तेल सांगितलं.

वनौषधी देणाऱ्या प्रत्येकाने पदवी आणि नोंदणी क्रमांक दारावर लावावा, घटक चिठ्ठीवर लिहून द्यावेत, अशी सक्ती आरोग्य विभागाने करावी.

– एक वाचक, सांगली