टॉवर लाईनखालची जागा 'ग्रीन पार्क' म्हणून विकल्याबद्दल तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग,
सांगली कार्यालय.

विषय : कोल्हापूर रस्त्याकडील आपल्या लेआउटमध्ये १३२ केव्ही (किलोव्होल्ट) उच्चदाब विजेच्या लाईनखाली केलेला भराव, बांधकाम आणि तिथेच दाखवलेली खुली जागा.

महोदय,

मी आपल्या लेआउटमधील पूर्वेकडच्या रांगेतला प्लॉटधारक आहे. पैसे पूर्ण भरले आहेत, खरेदीखत झाले आहे, त्यामुळे आता आपले फोन येणे बंद झाले आहे. साईटवरच्या मुलांना तोंडी सांगितले की ती 'वर कळवतो' म्हणतात. वर काय कळते ते कळायला मार्ग नाही, म्हणून हे लेखी देत आहे.

बुकिंगच्या वेळी दिलेल्या रंगीत पत्रकात लाईनखालच्या पट्ट्यावर हिरवळ आहे, जॉगिंग ट्रॅक आहे, झोपाळ्यावर बसलेली मुलगी आहे. टॉवर नाही आणि एकही तार नाही. जागेवर टॉवर दिसत होता, त्याबद्दल मी तेव्हाच विचारले होते. 'अर्ज दिलाय, लाईन शिफ्ट होणार आहे' असे उत्तर मिळाले. अशी लाईन हलवायची तर मागणाऱ्याने सगळा खर्च भरावा लागतो. तो भरल्याची पावती आपण आजवर कुणालाच दाखवलेली नाही. नगररचना विभागाच्या मंजूर नकाशात लाईन आहे, पण पेन्सिलीने ओढावी तशी एक बारीक तुटक रेघ. तिला रुंदी दाखवलेली नाही आणि सगळे पाणी तिथेच मुरते आहे.

१३२ केव्हीच्या लाईनला २७ मीटर रुंदीचा मार्ग, म्हणजे लाईनसाठी मोकळा सोडायचा पट्टा, धरतात. टॉवरच्या मध्यापासून दोन्हीकडे साडेतेरा मीटर. २२० केव्हीला ३५ आणि ४०० केव्हीला ४६ मीटर. आपल्या लेआउटमधली लाईन १३२ चीच आहे, टॉवरवरच्या लाल पाटीवर कवटीखाली तसे लिहिलेले आहे. माझे मेहुणे पारेषणमधून, म्हणजे अशा लाईनी सांभाळणाऱ्या सरकारी वीज कंपनीतून, निवृत्त झाले आहेत. त्यांनी खालूनच चिनीमातीच्या थाळ्यांची माळ मोजली आणि तेच सांगितले. हा २७ मीटरचा पट्टा नकाशावर आखला की पूर्वेकडच्या रांगेतल्या प्लॉटांचा मागचा भाग त्यात जातो. भाव मात्र सगळ्या प्लॉटांना एकच लावला.

'तारेपासून तीन मीटर सोडा आणि बांधा' असे आपले इंजिनिअर प्लॉटधारकांना सांगतात. हा आकडा कुठून आला ते मी पाहिले. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांत ३३ केव्हीपर्यंत आडवे अंतर २ मीटर आहे आणि पुढच्या प्रत्येक ३३ केव्हीला ०.३ मीटर वाढते. १३२ ला ते २.९ मीटर होते, म्हणजे आकडा बरोबर आहे. पण तो सर्वांत बाहेरच्या तारेपासून मोजायचा असतो, आणि ती तार वाऱ्याने जास्तीत जास्त जेवढी बाहेर झुलेल तिथपासून. वळवाच्या वाऱ्यात दोन टॉवरांच्या मधली तार केवढी झोके घेते ते ऑफिसात एसीखाली बसून दिसत नाही. आपले इंजिनिअर शांत हवेत, लोंबणाऱ्या तारेच्या बरोबर खालून टेप धरतात. या सल्ल्यावर कुणी दुमजली घर बांधले आणि गच्चीवर कपडे वाळत घालायला गेले, तर आपण 'आम्ही तर फक्त प्लॉट विकला' म्हणून हात झटकणार, हे सांगायला ज्योतिषी नको.

आता भरावाचे. २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेले, तेव्हापासून आमच्याकडे 'भराव टाकून देतो' हे सर्वांत चालणारे वाक्य आहे. आपणही मुरूम टाकून सगळी जागा सुमारे पाच फूट उचलली. प्लॉट आणि रस्ते उचलले त्याबद्दल तक्रार नाही. लाईनखालचा पट्टाही का उचलला? १३२ केव्हीची सर्वांत खालची तार जमिनीपासून किमान ६.१ मीटर उंच हवी, तीही सर्वांत जास्त झोळ असताना. उन्हाळ्यात दुपारी, लाईनवर लोड असताना तार तापून लांबते आणि खाली येते, म्हणून तेव्हाचे माप धरायचे. आपण खालून जमीन दीड मीटर वर आणलीत. मूळ उंची ६.१ च्या आसपास असेल तर आता साडेचार मीटरच्या थोडे वर उरते. मूळची जास्त असेल तर चांगलेच आहे, पण भराव टाकण्याआधी आपण ती मोजली होती का, आणि पारेषणची परवानगी घेतली होती का?

टॉवरजवळ जाऊन एकदा बघा. त्याच्या चारही पायांना जमिनीच्या वर काँक्रीटचा आखूड खांब असतो, लोखंडी अँगल मातीला लागू नये म्हणून. आपल्या भरावात तो खांब पूर्ण गाडला गेला आहे. मुरूम थेट अँगलला टेकला आहे आणि ईशान्येकडच्या पायाशी पाऊस थांबल्यावरही पाणी साचून राहते. तिथला जस्ताचा मुलामा काळपट पडायला लागला आहे. अर्थिंगची पट्टी कुठे गेली ते सापडतच नाही. शिवाय पट्ट्याला भिंत घालून गेटला कुलूप लावले आहे. मध्यंतरी लाईनची माणसे आली तर किल्लीसाठी तासभर रस्त्यात उभी होती. उद्या रात्री तार तुटली तर किल्ली कुणाकडे असणार?

या पट्ट्यावर आपण पत्र्याची छत्री बांधली, लोखंडी झोपाळे लावले आणि दोन्ही कडांना अशोकाची रोपे लावली. चालू लाईनखाली नवे बांधकाम करायचेच नसते. आणि हिशेबच मांडायचा तर १३२ केव्हीला छतापासून तारेपर्यंत ४.६ मीटर हवेत. छत्री तीन मीटरची. बेरीज ७.६. म्हणजे भराव नसता तरी ही छत्री बसेलच याची खात्री नव्हती, भरावावर तर विचारूच नका. पावसाची भुरभुर असली की वरून सतत चरचर ऐकू येते, आणि झोपाळ्याच्या लोखंडाला हात लावला की कधीकधी झिणझिण्या येतात. वरच्या तारांतल्या विजेच्या दाबाने खालच्या धातूत वीज उतरते, त्याचा हा प्रकार. बायकांनी मुलांना तिकडे पाठवणे बंद केले आहे. अशोक वाढला की पारेषणवाले येऊन शेंडे छाटणार, दरवर्षी. वीस फूट वाढणारे झाड तिथे कुणी लावले, हे कळले तर आनंद होईल.

आणि हीच आमची १० टक्के खुली जागा! ४,००० चौरस मीटरपेक्षा मोठ्या लेआउटला खुली जागा सोडावी लागते, ती लोकांना वापरता यावी म्हणून. जिथे प्लॉट पाडता येत नाही तो तुकडा तिच्या नावावर खपवण्यासाठी नव्हे. या जमिनीत पूर्वी हळद व्हायची. लाईन तेव्हापासून आहे, शहर तिच्याकडे नंतर आले. मग आखणी करताना आधी २७ मीटरचा पट्टा आखायचा, त्याची पातळी मूळची ठेवायची, तिथून पावसाचे पाणी वाहून नेणारा उघडा चर आणि पारेषणच्या गाडीसाठी रुंद मुरमाची वाट काढायची, कडेला अडुळसा, मोगरा, कोरांटीसारखी बुटकी झुडपे लावायची, आणि मग उरलेल्या जागेत प्लॉट व खेळायची जागा बसवायची. आपण क्रम उलटा केलात.

अशा जमिनीची किंमत कमी होते हे सरकारही मानते. ऊर्जा मंत्रालयाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत लाईनच्या पट्ट्यातल्या जमिनीसाठी किमतीच्या १५ टक्क्यांपर्यंत भरपाई होती, जून २०२४ मध्ये ती ३० टक्के झाली. ती नव्या लाईनींसाठी आहे आणि मला ती मागायचीही नाही. पण सरकार ज्या जमिनीला कमी किमतीची म्हणते ती आपण आम्हाला पूर्ण भावाने, वर 'पार्क फेसिंग' म्हणून जादा पैसे घेऊन दिलीत.

माझ्या मागण्या अशा. पारेषणच्या अधिकाऱ्यांसमोर तारेची उंची आणि पट्ट्याची रुंदी मोजून घ्यावी, आणि त्या मोजणीची प्रत सर्व प्लॉटधारकांना द्यावी. टॉवरच्या पायांभोवतीचा व पट्ट्यातला भराव काढून मूळ पातळी आणावी. छत्री, झोपाळे आणि कुलूपबंद गेट हटवावे. हे भराव काढण्याच्या आधीही करता येईल, किंबहुना याच आठवड्यात करावे. खेळायची जागा, आपण स्वतःकडे राखून ठेवलेले कोपऱ्यावरचे दोन प्लॉट आहेत तिथे द्यावी. 'पार्क फेसिंग'चे जादा पैसे व्याजासह परत करावेत. ज्यांचा प्लॉट पट्ट्यात जातो त्यांना किती जागेत बांधता येईल ते लेखी द्यावे, आणि त्यातून कुणाला बाहेर पडायचे असेल तर त्याला पूर्ण रक्कम परत करावी.

छत्री मंजूर नकाशात नाही. मंजूर आराखडा बदलायचा तर दोन तृतीयांश खरेदीदारांची लेखी संमती लागते, तशी कुणाकडून घेतल्याचे आमच्या रांगेत तरी कुणाला माहीत नाही. पत्रकातल्या खोट्या माहितीबद्दल २०१६ च्या रेरा (स्थावर मालमत्ता) कायद्यात कलम १२ आहे. तीस दिवसांत लेखी उत्तर न आल्यास महारेराकडे, म्हणजे त्या कायद्याखालच्या राज्य प्राधिकरणाकडे, तक्रार करणार आहे. या पत्राची प्रत पारेषणच्या स्थानिक कार्यालयाला आणि महापालिकेच्या नगररचना विभागाला आजच देत आहे.

मोजणीला माणूस पाठवाल तर सकाळी गार वाऱ्यात पाठवू नका. दुपारी दोन-तीनच्या सुमारास, दोन टॉवरांच्या मध्यावर. मी साईटवर असेन. धातूची टेप मात्र आणू नका.

कळावे,

आपला,
(सही)
प्लॉटधारक, पूर्व रांग

सोबत : जाहिरात पत्रकाची प्रत, मंजूर नकाशाची प्रत, टॉवरच्या पायांची छायाचित्रे, 'पार्क फेसिंग' रकमेची पावती.