बंपर उतरवल्यावर जे दिसतं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मोटारविम्याचा क्लेम आता मोबाइलवर मिनिटांत पास होतो, अशा जाहिराती रोज दिसतात. मी सांगलीत सत्तावीस वर्षं डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज चालवतो. त्या मिनिटांनंतर गॅरेजात काय होतं, ते लिहितोय.

पूर्वी विमा कंपनीकडून नुकसान तपासायला सर्व्हेअर साहेब यायचे. खिशात पेन्सिल आणि पातळ कागद. चॅसी नंबरावर कागद धरून पेन्सिल घासायची, नंबर उमटला की तो फाइलला टाचायचा. त्यांची दोन-दोन दिवस वाट बघावी लागे, आणि काहींचं नुसत्या चहावर भागत नसे, हेही खरं. २०१९ च्या ऑगस्टात आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली, तेव्हा चिखलानं भरलेल्या अकरा गाड्या माझ्या दारात सर्व्हेची वाट बघत कुजत होत्या. सीटच्या फोमचा वास गल्लीभर. त्या वेळी फोटोवर काम झालं असतं तर मी पेढे वाटले असते. मोबाइलशी माझं भांडण नाही.

गेल्या जानेवारीत एका शिक्षिकाबाईंची वॅगनआर आली, उसाच्या ट्रॉलीला मागून धडकलेली. (ट्रॉलीला रिफ्लेक्टर नव्हता. त्यावर वेगळं पत्र लिहावं लागेल.) ॲपनं सांगितले तसे बाईंनी चारी बाजूंनी फोटो काढले. अर्ध्या तासात मंजुरी आली: पुढचा बंपर, डावा हेडलाइट, रंगकाम. बंपर उतरवला तर आत रेडिएटरचा सपोर्ट वाकलेला आणि कंडेन्सर फुटून एसीचा गॅस गेलेला. बाहेर उभं राहून मलाही ते दिसलं नव्हतं, फोटोत कुठून येणार? सर्व्हेअर असते तर म्हणाले असते, "खोलून ठेव, उद्या बघतो." पुरवणी एस्टिमेट दिलं की विषय मिटायचा. इथं ॲपवर दुसऱ्यांदा फोटो चढवायची सोयच नव्हती. मग टोल फ्री नंबर, तक्रार क्रमांक, आणि वर "आपलं समाधान झालं का?" असा मेसेज. नऊ दिवस गाडी जागची हलली नाही. दहाव्या दिवशी कंपनीतल्या एका पोराचा व्हिडिओ कॉल आला. "काका, कॅमेरा जरा खाली घ्या, कंडेन्सरची जाळी दाखवा." चार मिनिटांत सगळं पास. त्यालाही मी मोबाइलवरच दाखवलं, पण पलीकडे बघणारा होता.

५०,००० रुपयांच्या वरच्या मोटार क्लेमला परवानाधारक सर्व्हेअर लागतो, असा नियम आहे. आमच्यासारख्यांकडचं बहुतेक काम त्याच्या खालचं. तिथंही गाडी खोलल्यावर दुसरी पाहणी मागायचा हक्क गिऱ्हाइकाला हवा, आणि मंजुरीच्या मेसेजमध्ये एका माणसाचं नाव नि नंबर हवा.

आणखी एक. झिरो डेप (घसारा न कापण्याचं जादा कव्हर) घेतलं नसेल तर प्लॅस्टिकच्या पार्टचे निम्मे पैसे घसाऱ्यात, म्हणजे पार्ट जुना झाला म्हणून, कापले जातात. बाईंनी पॉलिसी मोबाइलवरच घेतली होती. बंपरचे निम्मे पैसे आपल्याला भरायचे आहेत, हे त्यांना माझ्या काउंटरवर बिल हातात पडल्यावर कळलं. बोलणी मी खाल्ली.

त्यांचा फुटका बंपर अजून माझ्या भिंतीला टेकून उभा आहे. साल्व्हेज, म्हणजे बदललेला जुना माल, म्हणून कंपनी तो नेणार की मी भंगारात घालू, हे विचारायला माझ्याकडे नंबर नाही.

— एक गॅरेजवाला, सांगली