फायनान्शिअल एडच्या खिडकीतल्या ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

कॅलिफोर्नियातल्या कम्युनिटी कॉलेजात फॉस्टर केअरमधून (आईवडिलांपासून दूर, सरकारी देखरेखीत वाढून) आलेल्या मुलांना मदत करणारे आम्ही मराठी स्वयंसेवक. आभार चारचौघांत मानतोय, कारण तुमची पद्धत इतर कॉलेजांतल्या आपल्या मंडळींनाही उचलता येईल.

सगळ्यात आधी फाफ्साच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या शैक्षणिक मदतीच्या अर्जातल्या, त्या एका प्रश्नाबद्दल. तेरा वर्षं पूर्ण झाल्यानंतर कधीही अनाथ, कोर्टाच्या ताब्यात किंवा फॉस्टर केअरमध्ये होतात का? मुलं घाईत 'नाही' टाकतात. कुणाला वाटतं, आपण चारच महिने तर होतो. कुणी चौदाव्या वर्षी दत्तक गेलेलं असतं, त्याला वाटतं प्रश्न आता आपला नाही. खरं तर तेरानंतरचा एक दिवसही पुरतो. 'नाही' पडलं की फॉर्म आईवडिलांची माहिती मागतो, आणि जिचा पत्ताच ठाऊक नाही त्या आईची सही आणायची कुठून? गाडी तिथेच अडते. म्हणून तुम्ही फॉर्म हातात आला की आधी तेवढंच उत्तर बघता.

दुसरं, फॉस्टर केअरमध्ये होतो याच्या पुराव्याचं पत्र. काउंटीकडून (म्हणजे जिल्हा प्रशासनाकडून) वेळेत आलं नाही, तर राज्याच्या फॉस्टर केअर लोकपाल कार्यालयाकडे मागायचं, हे तुमच्यामुळे कळलं. ते एकदा स्कॅन करून तुम्हीच पुढच्या विभागांकडे पाठवता. पोराला प्रत्येक टेबलावर आपलं बालपण उकलून दाखवावं लागत नाही. याचं मोल आम्हाला पैशांहून जास्त वाटतं.

चेफी ग्रँट म्हणजे फॉस्टर केअरमधल्या मुलांना शिक्षणासाठी मिळणारं अनुदान; त्यात गल्लत वयाची होते. तिथे तेरा नव्हे, सोळा ते अठरा या वयात निदान एक दिवस केअरमध्ये असावं लागतं. वर्षाला 5,000 डॉलरपर्यंत मिळतात, वयाच्या सव्विसाव्या वाढदिवसापर्यंत, तेही जास्तीत जास्त पाच वर्षं. अर्ज फाफ्साहून वेगळा. शिवाय कॉलेजनं गरजेचा अहवाल राज्याकडे पाठवला नाही तर पैसे हलत नाहीत, आणि मूल मात्र समजतं की आपणच नापास झालो. तो अहवाल गेला का, हे तुम्ही स्वतः तपासता.

आणि तुमचं ते चिठ्ठीवरचं गणित! 12 युनिट (विषयांचे क्रेडिट) घेऊन 6 सोडले तर पूर्ण झाले 50 टक्के. मदत चालू राहायला साधारण 67 लागतात. 9 पूर्ण केले तर 75, म्हणजे वाचलो. सेन्सस डेटच्या (सत्राच्या सुरुवातीला पट मोजण्याच्या तारखेच्या) आत विषय सोडला तर W, म्हणजे विषय सोडल्याची नोंद, लागत नाही, नंतर सोडला तर तो घेतलेल्या युनिटांत मोजला जातो. सगळंच सोडायचं झालं, तर सत्राचा 60 टक्के काळ उलटण्याआधी सोडल्यास मदतीतला काही भाग परत मागितला जातो. 16 आठवड्यांच्या सत्रात ही रेघ दहाव्या आठवड्यात येते. नवव्या आठवड्यात रागाच्या भरात कॉलेज सोडायला निघालेल्यांना तुम्ही ही चिठ्ठी हातात देता, उपदेश करत नाही.

फाइलच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं लिहिलेली तारीखही आम्ही पाहिलीय: एकविसावा वाढदिवस. वाढीव, म्हणजे अठरानंतरची, फॉस्टर केअर त्या दिवशी संपते, घरभाड्याचा आधार जातो, आणि तो दिवस नेमका परीक्षेच्या तोंडावर आला की पोरगं वर्गातून दिसेनासं होतं. त्याच्या सहा महिने आधीच घराची चौकशी सुरू करायची, हे आम्ही तुमच्याकडून घेतलं. मेडिकॅल (राज्याचा सरकारी आरोग्य विमा) मात्र वयाच्या 26 पर्यंत चालतं, हेही त्यांना तेव्हाच सांगतो.

1 ऑक्टोबरला नवा फाफ्सा उघडेल. त्या आठवड्यात रोज दुपारी आमच्यातले दोघं येतील. खिडकी तुमची, झेरॉक्स आमच्याकडे.

आपले,
शनिवारचे स्वयंसेवक