बालदिनाचे रंगीत टोस्ट

सर्व पालकांना नमस्कार. १४ नोव्हेंबरला संध्याकाळी ५ वाजता गच्चीवर मुलं स्वतःच्या हाताने टोस्ट सजवणार आहेत. टोस्ट घरून कडक भाजून, पूर्ण गार करून आणा. गरमावर चक्का लावला की ओघळतो. चक्क्यात पिठीसाखर घालून तीन रंग करू: बिटाच्या रसाचा गुलाबी, केशराचा पिवळा, पिस्त्याच्या पुडीचा हिरवा. बिटाचा रस थेंबाथेंबानेच घालावा लागतो, नाहीतर चक्का पातळ होतो. बाजारचा रंग कृपया नको. घरचे रंग फिके असतात, पण फार गोड दिसतात! वरून डाळिंबाचे दाणे आणि चिमूटभर टूटी-फ्रूटी. लहानग्यांना अख्खे काजू-बदाम देऊ नका, घशात अडकतात. दुधाची किंवा सुकामेव्याची ॲलर्जी असल्यास आजच कळवा, त्या मुलांचं ताट वेगळं ठेवू.